पहिला चीक वासराचा

गेल्या महिन्यात एका सकाळी पुतण्याच्या बायकोचा, रेखाचा, फोन आला. "काकू, आक्का गेल्या." मी संगमनेरच्या घरात भाजी निवडत बसले होते. रडू यायच्या आधी माझ्या तोंडून निघालं, "गाय व्याली का?" रेखाला वाटलं असेल, काकूंच्या डोक्यावर परिणाम झाला. पण चारच दिवसांपूर्वी मी आक्कांना भेटून आले होते, आणि खाटेवर पडल्या पडल्या त्या एकच गोष्ट सांगत होत्या, "गाय व्यायला आलीया. पयला चीक वासराचा. कोन बी दारात आलं तरी..." पुढचं बोलायला दम पुरला नाही. पुढचं मला पाठ होतं.

आक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. एकाहत्तर साली मी लग्न होऊन अकोले तालुक्यातल्या त्या गावात आले. मी मॅट्रिक, त्या चौथी. पण गोठ्याच्या बाबतीत माझी मॅट्रिक काही कामाची नव्हती. त्याआधीच्या दोन हिवाळ्यांत घरातली दोन वासरं हगवणीनं गेली होती. तालुक्याच्या दवाखान्यातले जनावरांचे डॉक्टर एकदा गाय तपासायला आले, तेव्हा आक्कांनी त्यांना उभं करून विचारलं, की का मरतात? डॉक्टर म्हणाले, वासराच्या अंगात पहिल्या चिकानंच ताकद येते, आणि तोच तुम्ही काढून खरवस करता. शिवाय हगवण एका वासराची दुसऱ्याला लागते, ती तुमच्याच हातापायांनी जाते, आणि जनावरांचे काही आजार माणसांनाही लागतात. एवढं ऐकायचा अवकाश, आक्कांनी कंबर कसली. गोठ्याच्या दारात राखेचा डबा आणि पाण्याची बादली आली. आत जाताना, बाहेर येताना राखेनं हात घासायचे. थंडीत वासरू चुलीपाशी आणून बांधायची घरची रीत बंद, त्याला गोठ्यातच पोत्याची झूल. आणि खरवसही बंद!

हे शेवटचं सासूबाईंना सहन होण्यासारखं नव्हतं. गाय व्याली की आळीतल्या घराघरांत चीक जायचा, ती घराची पत होती. "लोक काय म्हनतील? यांच्या घरात चिकाचा बी दुष्काळ पडला?" त्या ओरडायच्या. आक्का शांतपणे म्हणायच्या, "म्हनू द्या. वासरू मेलं की तेच लोक हळहळायला बी येत्यात." मला तेव्हा त्यांचा मनापासून राग यायचा. नव्या सुनेला सासूची बाजू घेणंच सोयीचं असतं, हेही खरं.

बहात्तरच्या हिवाळ्यात घरची पहिली संकरित गाय व्याली. कालवड झाली. दुष्काळानं बाकीची जनावरं सरकारी चारा छावणीत होती, गोठ्यात ही एकच गाय, आणि घरादाराचा जीव त्या कालवडीत. मला पाचवा महिना होता आणि खरवस खायची वासना झाली होती. सासूबाईंनी ते ताडलं. आक्का लांबच्या विहिरीवर पाण्याला गेल्या तशी त्या मला हळूच म्हणाल्या, "जा, कालवडीच्या आधी तांब्याभर काढून आन. तिला तरी एवढा कशाला लागतोय?" मी शेजारच्या गोठ्यातून नुकतीच आले होते, तिथलं वासरू हगवणीनं आडवं झालं होतं. घाईत राखेची आठवणच राहिली नाही. पितळेचा तांब्या काठोकाठ भरला... खरवस अप्रतिम झाला होता, हे लिहायची आज लाज वाटते.

पाचव्या दिवशी कालवड पातळ हगायला लागली. आक्कांची तीन वर्षांची लेक शाली दिवसभर तिच्या गळ्यात गळा घालून बसायची, तिलाही जुलाब सुरू झाले. कालवड गेली. शालीला अकोल्याच्या दवाखान्यात आठ दिवस ठेवलं. कालवडीपासूनच लागलं का, असं आक्कांनी जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "सांगता येत नाही. पण सांगता येत नाही म्हणून गाफील राहू नका." शाली वाचली. घरी आल्यावर आक्कांनी मला गोठ्याच्या दाराशी नेलं, राखेचा डबा माझ्या हातात दिला. "आजपासून ह्यो तुज्याकडं. हात धुतल्याबिगर कोनाला आत सोडायचं न्हाई. मला बी न्हाई." एवढंच. मी मान खाली घालून डबा घेतला. पुढं सासूबाईंनासुद्धा मी दारात अडवलं, आणि आळीनं आमचं नाव "कंजूष घर" ठेवलं. त्यानंतरची कालवड मात्र जगली. तिच्या लेकी जगल्या. हळूहळू आळीतल्या बायका राखेच्या डब्याबद्दल विचारायला यायला लागल्या.

शालीची मुलगी पुढं जनावरांची डॉक्टर झाली. करोनाच्या वर्षी सगळे घरात अडकले असताना तिनं आजीला सांगितलं, की वासरांच्या हिवाळी हगवणीत याच कुळातला एक विषाणूही असतो; तेव्हा तुमच्या गोठ्यात तोच होता का, हे आता कळायचं नाही. आक्कांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्येला राख चालती का?" "आजी, साबण जास्त चांगला." दुसऱ्या दिवसापासून डब्याशेजारी साबणाची वडी आली. डबा मात्र हलला नाही.

त्या शेवटच्या भेटीत मी पन्नास वर्षांचं ओझं उतरवायला बसले होते. "आक्का, त्या वेळी मी एक तांब्या..." त्यांनी हात वर केला. "ठावं हाय. तांब्याला चीक लागला हुता, म्याच घासला." "मग बोलला का नाहीत?" "पोटुशी हुतीस तू. आन बोलून कालवड उठली असती व्हय?" मी त्यांच्या खाटेला डोकं टेकून रडले. खूप रडले.

आक्का गेल्यावर अठराव्या दिवशी गाय व्याली. मी गावीच होते. शेजारची बाई डबा घेऊन दारात आली. "काकू, आक्का हुत्या तवर मागितला न्हाई. आता तरी थोडा चीक द्या की." रेखा माझ्याकडं बघत राहिली. मी फळीवरून तो पितळेचा तांब्या काढला. शेजारणीला वाटलं, मिळाला! मी दारातल्या डब्यातली राख घेऊन तांब्या घासला, मग माझे हात घासले. आत कालवड गायीला लुचत होती, शेपटी हलवत. "तिचं पोट भरू दे," मी म्हणाले, आणि रिकामा तांब्या राखेच्या डब्याशेजारी पालथा घातला.