देव्हाऱ्यातली जपानी चिठ्ठी

मुलीला पाचवा महिना लागला तेव्हा मी जपानला तिच्याकडे गेले. आधीचे दोन गर्भ राहिले नव्हते. 

तिथे पाचव्या महिन्यात, त्यांच्या पंचांगातल्या कुत्र्याच्या दिवशी, पोटुशी बाई जुन्या शिंतो देवस्थानात जाते. कुत्रीचं बाळंतपण सोपं, म्हणून तो दिवस. मी म्हटलं, "आमच्या जुळे सोलापुरातली कुत्री मोज, रोजच मुहूर्त निघेल." मुलगी हसली.

लाल कमानीखालून आत गेलो, लाकडी ओगराळ्याने हातांवर पाणी घेतलं, दोनदा वाकून दोन टाळ्या वाजवल्या. मग मी काड्यांचा डबा हलवून एक काडी काढली आणि तिच्यावरच्या आकड्याची भविष्याची चिठ्ठी मिळाली. मुलीने वाचली.

"काय लिहिलंय?"

"काही नाही गं. तिथं तारेला बांधून ये."

तारांवर शेकडो चिठ्ठ्या होत्या. मला काही ते पटेना. देवाने हातात दिलेलं तिथंच सोडून यायचं? अंगारा असो की फूल, मी कधी टाकलेलं नाही. चिठ्ठी गुपचूप पर्समध्ये घातली आणि बांधली म्हणून सांगितलं.

सोलापूरला घरी आल्यावर ती देव्हाऱ्यात ठेवली. रोज हळदकुंकू वाहायचं, बाळासाठी हात जोडायचे.

गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी मुलीला दवाखान्यात झोपवून ठेवलं. नुकताच सातवा लागला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी व्हिडिओ कॉलवर म्हणाली, देव दाखव. मी हौसेने मोबाईल देव्हाऱ्यासमोर धरला. तिला चिठ्ठी दिसली.

"आई, तू बांधली म्हणाली होतीस. वाईट चिठ्ठी निघाली की ती तिथंच सोडायची असते. बाळंतपण जड जाईल असं होतं त्यात."

 दीड महिना मी त्याच ओळीला कुंकू लावत होते. आणि पोरीने ती वाचून, एकटीने पोटात ठेवून, माझ्यासमोर हसत दिवस काढले होते. स्वतःचाच असा संताप आला मला!

"तू तर असलं काही मानत नाहीस की," मी कशीबशी म्हणाले.

"नाहीच मानत. आत्ता जा आणि बांधून ये."

रिक्षा करून तळ्यातल्या देवळाकडे गेले. बाहेरच्या फुलवालीकडे दोरा मागितला.

"कसला कागद हाय, ताई?"

"लेकीचा."

 तिने शेजारच्या कडुलिंबाची फांदी खाली ओढून धरली.  मी चिठ्ठीला गाठ मारून मुलीला फोटो पाठवला.

लगेच उत्तर आलं. माझ्या उपासतापासांना आयुष्यभर हसलेल्या पोरीने लिहिलं होतं, "सुटणार नाही ना? अजून एक मार."

मी फुलवालीला पुन्हा फांदी धरायला सांगितली.