क्रीम रंगाचा डॅशबोर्ड

रफिकभाईंच्या मयताला मी भांडायला गेलो होतो.

आज वर्ष झालं. हे मी आजवर कोणालाच स्वतःहून सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही.

रफिकभाई म्हणजे मलकापूरला हायवेवर गाड्यांचे डॅशबोर्ड आणि बंपर रंगवायचे, ते. नातं काही नाही. मित्र म्हणावं तर ओळख जेमतेम काही महिन्यांची. ही पोस्ट मी कोणत्या हक्काने लिहितोय, तेही मला नीट कळत नाहीये.

माझी जुनी बोट तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली आहे. सोमवार ते शनिवार शाळेत क्लार्क, रविवारी धरणावर लोकांना बोटीत फिरवून आणणार, असं माझं चालतं.

सेकंडहँड फायबरची बोट. इंजिन चांगलं. पण डॅशबोर्डचं प्लास्टिक उन्हानं पार पिवळं पडलेलं. हात फिरवला की पांढरी भुकटी निघायची. लोक स्टिअरिंग धरून फोटो काढायचे आणि मला लाज वाटायची.

शेवटी सगळे पार्ट खोलले, पोत्यात भरले आणि रफिकभाईंकडे नेले.

त्यांनी स्विचचं पॅनल उचललं. नखानं खरवडलं. वास घेतला.

"बोटीचं काम कधी केलं नाही भाऊ. पण प्लास्टिक तं प्लास्टिकच आहे."

"काळा मारा," मी म्हणालो. "मॅट काळा."

"काळा काऊन?"

"मळत नाही. अन् फोटोत चांगला दिसते."

त्यांनी मान हलवली. मी तो होकार धरला.

मग आठवडे गेले. कधीही जा, माणूस बादलीत पॉलिशपेपर बुडवून घासत बसलेला. आधी जुना थर काढायचा, मग प्रायमर, मग रंग, वरून चकाकीचा क्लिअर कोट. घाई केली तर पापुद्रे सुटतात म्हणायचे.

मला घाई होती. सुट्ट्या तोंडावर आलेल्या. एकदा फोनवर आवाज चढलाच माझा.

"भाई, काय करून राह्यले तुम्ही? एवढे दिवस लागते काय?"

"होते भाऊ, होते."

एवढंच.

शनिवारी दुपारी त्यांचा फोन आला. मी निकालपत्रकांत बुडालेलो. उचलला नाही.

संध्याकाळी त्यांच्या शेजारचा पंक्चरवाला घरी पोतं ठेवून गेला. "भाईंनी देलं," म्हणाला आणि गेला.

उघडलं. काम एक नंबर. कुठे ओरखडा नाही, कुठे ओघळ नाही.

पण रंग क्रीम.

मी तीनदा फोन केला. उचलला नाही. मला वाटलं, चुकले आणि आता टाळतायत.

रविवारी सकाळी सगळ्यात मोठं पॅनल पिशवीत घातलं आणि निघालो. रस्ताभर मनात एकेक वाक्य तयार करत होतो. चांगली कडक वाक्यं.

दुकान बंद. घर मागच्या गल्लीत. गल्लीत माणसंच माणसं, खुर्च्या टाकलेल्या. मला वाटलं, कोणाचं लग्न आहे.

एका म्हाताऱ्या माणसाला विचारलं, "रफिकभाई आहेत का घरी?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"पहाटे फजरच्या नमाजच्या वेळेस गेले ते. अटॅक आला."

मी तसाच उभा. हातात पिशवी, पिशवीत पॅनल, डोक्यात अजून ती वाक्यं. राग एकदम जात नाही हो. कोणावर काढायचा ते मात्र समजत नव्हतं.

रफिकभाईंचे धाकटे भाऊ आले. काही न विचारता माझ्या हातातली पिशवी घेतली, खिडकीत ठेवली.

"चला. खांदा द्या."

दिला. कब्रस्तानापर्यंत चाललो. बाकीच्यांचं बघून तीन मुठी माती टाकली.

परतल्यावर भावांनी पिशवी आणून दिली. "काही काम होतं काय?"

"नाही," मी म्हणालो. "भेटायले आलो होतो."

पार्ट बोटीला बसवले. प्रत्येक नवा माणूस म्हणायचा, रंग छान आहे. मला दर वेळी आधी राग यायचा, मग रागावलो म्हणून वाईट वाटायचं.

त्या घरी परत जायची हिंमत होईना. भाभी तर इद्दतीत, नवऱ्यामागे घरातच राहायचे ते चार महिने दहा दिवस. कोणाला भेटणार नव्हत्या. मला ते सोयीचंच वाटलं, खरं सांगायचं तर.

इद्दत संपल्यावर गेलो. रंगाचं विचारलं.

"काळाच मारला होता आधी," भाभी म्हणाल्या. "दोन दिवस उन्हात ठेवला. मंग त्यावर हात ठेवून पाह्यला. म्हणे, पोळते. सगळा घासून काढला, पुन्हा पहिल्यापासून केलं."

"पण मले सांगितलं नाही त्यांनी."

"फोन लावला होता न त्या दिवशी. अन् एकदा धरणावर जाऊन आले होते ते. बोटीले छत नाही म्हणे. तुम्ही शाळेत होते."

धरण काही जवळ नाही. हातातलं काम सोडून, एसटीनं, माझी बोट उन्हात उभी असते का ते बघायला?

मी म्हणालो, "भाभी, त्या दिवशी मी भेटायले नव्हतो आलो."

"माहीत आहे मले. भांडायले आले होते."

मग त्याच पुढे म्हणाल्या,

"शनिवारी छातीत दुखत होतं, पडून होते. तुमचा फोन वाजून राह्यला होता. मले म्हणे, सकाळी गजूभाऊ येतीन. आधी ओरडतीन. दूध जास्तीचं घेजो, चहा लागन."

भाभींनी चहा आणला. मी प्यायलो.

मला अजूनही काळाच रंग आवडतो. पण परवा बोटीचं सामान विकणाऱ्या दुकानदाराने विचारलं, हा डॅशबोर्ड काळा करून देऊ का, तर मी नको म्हणालो. का म्हणालो, विचारू नका.

रफिकभाई, काम फार सुरेख झालं आहे. तुमचा फोन आला तेव्हा उचलला असता तर हे मी तेव्हाच म्हणालो असतो की ओरडलो असतो, मला खरंच सांगता येत नाही.

आज म्हणतो.

सलाम, भाई.