उशाशी राऊटर
परवा जुना राऊटर काढताना तापलेल्या प्लास्टिकचा वास आला आणि वडील आठवले. आजारपणात त्यांना पिशोरहून आमच्या सिडकोतल्या घरी आणलं होतं. बहीण परदेशात, तिचा रोज व्हिडिओ कॉल यायचा. पण राऊटर हॉलमध्ये, वडील मागच्या खोलीत, तिथं रेंज पोचेना. तिचा चेहरा मध्येच थिजायचा, आणि वडील मोबाइल कानाला लावून विचारायचे, "गप का झाली गं? बोल की!" शेवटी केबलवाल्याला बोलावून वायर आतपर्यंत ओढली, राऊटर त्यांच्या उशाशी स्टुलावर ठेवला. आईनं धूळ बसू नये म्हणून त्यावर क्रोशाचा रुमाल घातला, तर तो तापून बंदच पडायला लागला. रुमाल काढला, त्या दिवशी बहिणीचा चेहरा शेवटपर्यंत हलता राहिला. "आता लई साफ दिसती," वडील म्हणाले. पुढच्याच आठवड्यात ते गेले. बहिणीला येता आलं नाही. त्यांच्या जागेवर पीठ पसरून दिवा ठेवला, समोर मोबाइल टेकवला. ती तिकडून नुसती दिव्याकडं बघत बसायची. दहाव्याला दिवा उचलला. मी राऊटर हलवायला गेलो, तर आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे. पोरीला तिथंच बाप दिसायचा." परवा नवा बसवायला आलेला माणूस समजावत होता, हॉलमध्ये लावला तर घरभर रेंज मिळंल. मी त्याला मागच्या खोलीत नेलं आणि स्टूल पुसून दिलं.