एका घराचा एक नंबर

उज्ज्वला गेल्याचा फोन तिच्या भावानं केला तेव्हा मी वॉर्डात राऊंडवर होते. "शैलाताई, ताई गेली," एवढंच तो बोलला आणि मागून त्यांच्या आईचा आवाज आला, "कोन हाय? कोनाला सांगतंस?" हातातला चार्ट खाटेच्या कडेला ठेवून मी जिन्यात जाऊन उभी राहिले. रडू आलं नाही, धडकी भरली. आता बदलापूर गावात जायचं होतं, त्या माउलीसमोर बसायचं होतं. शेवटच्या आठवड्यापर्यंत त्या घरात उज्ज्वलाच्या आजाराचा कुणाला पत्ता नव्हता. मला मात्र पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तिच्या आईनं मला विचारलं असतं, "तुला ठाव होता?" तर मी काय सांगणार होते… त्या दिवशी तिनं विचारलं नाही. घर माणसांनी भरलं होतं आणि ती भिंतीला टेकून नुसती बघत होती. पण प्रश्न चुकला नाही, पुढे ढकलला गेला, हे मला तेव्हाच कळलं.

अंबरनाथच्या ज्या खाजगी हॉस्पिटलात मी मेट्रन आहे, तिथं उज्ज्वला भोईर संगणक विभाग सांभाळायची. पेशंटचं नाव, पत्ता, रक्तगट, कुठलं औषध चालतं, कुठलं चालत नाही, आधी काय काय झालं, ही सगळी माहिती तिच्या ताब्यात. आम्ही बरोबरीनंच नोकरीला लागलो. मी कोल्हापूरकडची, विठ्ठलवाडीत भाड्यानं राहणारी. ती बदलापूर गावातली आगरी, बोलायला फटकळ आणि चालायला त्याहून फास्ट. सर्व्हरच्या खोलीत कुणाला चहासुद्धा नेऊ द्यायची नाही, पण स्वतः दाराशी खुर्ची टाकून भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी खायची. वास आत जातो म्हणून मी तक्रार केली तर म्हणायची, "कॉम्प्युटरला नाक नसतं. तुला आहे, तू लांब बस." लग्न केलं नाही. घरात आई, भाऊ, वहिनी आणि एक चुणचुणीत भाची. वडिलांच्या माघारी घर तिच्याच पगारावर उभं राहिलं, पण तसं तिनं कधी म्हटलं नाही.

तिची खरी ओळख मला पटली ती नवं सॉफ्टवेअर आलं तेव्हा. जुन्या यंत्रणेत एकाच पेशंटची दोन-दोन, तीन-तीन खाती होती. कंपनीची माणसं आली, त्यांनी सगळी माहिती नव्या यंत्रणेत ओतली आणि ओतताना 'सारखी दिसणारी' खाती एकत्र करून टाकली. आडनाव तेच, पत्ता तोच, मोबाईल तोच, तर माणूस तोच, असा त्यांचा साधा हिशेब. कंपनीचा पोरगेला इंजिनियर छाती फुगवून म्हणाला, "मॅडम, सब डुप्लिकेट साफ." उज्ज्वला त्या रात्री उशिरापर्यंत एकेक खातं उघडून बघत बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या केबिनमध्ये आली ती पांढरीफटक पडून. म्हणाली, "शैला, एका बाईची चार महिन्यांत दोन बाळंतपणं दिसतायत."

मला हसू आलं. तिला नाही आलं. दार लावून घेऊन तिनं मला समजावलं. आपल्याकडे एका घराचा एकच नंबर असतो. घरातल्या कर्त्या पुरुषाचा, नाहीतर कोपऱ्यावरच्या किराणावाल्याचा. म्हातारा येवो, सून येवो, काउंटरवर तोच नंबर सांगितला जातो. त्यात आमच्या काउंटरची जुनी सवय अशी की बाई आली की तिचं नाव विचारायचंच नाही, 'सौ. गायकर' लिहून मोकळं व्हायचं. नाव विचारलं तरी बायका शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्याकडे बघायच्या आणि उत्तर तोच द्यायचा. म्हणजे एका घरातल्या दोन जावा आमच्याकडे आल्या असतील तर दोघी 'सौ. गायकर', पत्ता एक, नंबर एक. यंत्रानं दोघींची एक बाई करून टाकली होती, आणि नोंदी जुळल्या नाहीत तिथं नवी ठेवून जुनी पुसली होती. कुणाचा आजार कुणाच्या अंगावर आणि कुणाचं औषध कुणाच्या पोटात, काही सांगता येत नव्हतं. "कंपनीची चूक नाही गं," ती म्हणाली, "त्यांना काय माहीत आपण कसे राहतो ते. हे मला सुचायला हवं होतं." आणि मग तिनं विचारलं, "आज ऑपरेशनला कोण कोण बायका आहेत?"

नेमकी त्याच दिवशी बाहेरून तपासणीची टीम यायची होती. हॉस्पिटलला दर्जाचं प्रमाणपत्र मिळणार की नाही ते त्या भेटीवर ठरायचं होतं. लॉबीत फुलं लावली होती, सगळे स्क्रीन चकचकीत पुसले होते. आमचे मालक डॉक्टर, उल्हासनगरच्या सिंधी कॅम्पात लहानाचे मोठे झालेले, आम्ही त्यांना बडे सर म्हणतो, ते नवा सूट घालून फिरत होते. उज्ज्वला त्यांच्यासमोर उभी राहून म्हणाली, "सर, सिस्टीम बंद करावी लागेल. आत्ता. आणि बायकांची ऑपरेशनं थांबवावी लागतील." मी तिच्या मागेच होते. सरांना आधी वाटलं ती मस्करी करतेय. मग त्यांचा आवाज चढला. "अरे बाबा, आज? टीम गेटवर आहे, आणि मी त्यांना काळा स्क्रीन दाखवू? संध्याकाळी बंद कर, कोण नको म्हणतंय?" ती म्हणाली, "संध्याकाळपर्यंत कुणाला काही झालं तर?" सर म्हणाले, "और कुछ नहीं हुआ तो? तर हॉस्पिटलची इज्जत कुणी घालवली, तू सांग." ती म्हणाली, "मी घालवली म्हणा सर. राजीनामा टेबलावर ठेवून जाते, पण सिस्टीम बंद करून जाते." आणि खरोखरच ती गेली. आमच्या डोळ्यांदेखत एकेक स्क्रीन काळा होत गेला.  तिच्या पगारावर घरात किती ताटं मांडली जातात ते मला माहीत होतं.

यादीत एक सौ. गायकर होतीच. शहाडची कविता गायकर, गर्भपिशवीच्या ऑपरेशनसाठी आलेली. तिला आत घेऊनही झालं होतं. मी धावत थिएटरला पोचले तेव्हा भूल द्यायची तयारी चालू होती आणि ऑपरेशनआधी द्यायचं अँटिबायोटिक सिरिंजमध्ये भरून ट्रेमध्ये ठेवलं होतं. मी म्हटलं, थांबा. भूलतज्ज्ञ बाई वैतागल्या. "स्क्रीनवर ॲलर्जी नाही असं आहे. मी स्वतः पेशंटला विचारलंय, तीही नाही म्हणते. आता आणखी कुणाला विचारू?" त्यांचं काहीच चुकत नव्हतं. टेबलावर कविता डोळे टक्क उघडे ठेवून आमच्याकडे बघत होती. "काय झालं सिस्टर?" तिनं विचारलं. "काही नाही गं," मी म्हटलं आणि तिचा हात धरून उभी राहिले. जुनी कागदी फाईल कॅम्पातल्या गोडाऊनमध्ये, ती यायला दुपार झाली असती.

तिकडे खाली उज्ज्वलानं लॉबीत उभं राहून हाक मारली, "गायकरांच्या घरचं कोण आहे?" नवरा चहाला गेला होता. पुढे आली ती सासू, पदर खोचलेली, घाबरलेली. हे मला उज्ज्वलानंच नंतर सांगितलं. तिनं म्हातारीला साध्या मराठीत विचारलं तर ती मान हलवून "नाय नाय, काय नाय" करत राहिली. मग उज्ज्वला तिच्याजवळ बाकावर बसली आणि आपल्या घरच्या बोलीत बोलायला लागली. "आजे, खरा सांग. तुज्या सुनेला औषद कंदी अंगावर उठलाय का?" म्हातारीनं आजूबाजूला पाहिलं. मग हळूच म्हणाली, "बालंतपनाच्या टायमाला सुई दिली न् तिचा श्वास कोंडला. डोले फिरवले तिनं. आमी तिला सांगलाच नाय गो. लेकुरवाली बाय, कशाला घाबरवाची?"

थिएटरचा इंटरकॉम वाजला. उज्ज्वला एवढंच म्हणाली, "देऊ नका. तिला माहीतच नाही." भूलतज्ज्ञ बाईंनी ट्रेमधली ती सिरिंज उचलली आणि स्वतःच्या हातानं टाकून दिली.  औषध बदलून तिचं ऑपरेशन दोन दिवसांनी झालं, नीट झालं. तपासणीची टीम मात्र काळे स्क्रीन बघून गेली ती गेलीच, प्रमाणपत्र लांबलं. बडे सर उज्ज्वलाशी कित्येक दिवस बोलले नाहीत. राजीनाम्याचा कागद त्यांनी ना फाडला ना त्यावर सही केली, नुसता ड्रॉवरमध्ये ठेवला. ती रोज कामावर येताना आज तो बाहेर निघेल या तयारीनं यायची. अशा टांगत्या तलवारीखाली तिनं सगळी खाती सोडवली. एकेका घरी फोन लावायचा, पुरुषानं उचलला की म्हणायचं, "दादा, घरातल्या बाईंना फोन द्या." आणि बाईला पहिला प्रश्न, "तुमचं स्वतःचं नाव काय?" दुसरा, "हा नंबर तुमचा स्वतःचा आहे का?" काउंटरवरच्या मुलींना तिनं हे दोन प्रश्न असे घोटून दिले की त्या झोपेतही विचारतील. नंबर नसेल तर 'नाही' लिहायचं, दुसऱ्याचा लिहायचा नाही. एका माणसाचा एक नंबर.

आणि हीच बाई एक दिवस दुपारी माझ्याकडे येऊन म्हणाली, "मुंबईच्या कॅन्सर हॉस्पिटलात नाव घातलंय. तिथं तुझा मोबाईल नंबर दिलाय." आजार सांगायची तिची ही पद्धत! मी सुन्न झाले. मग राग आला. म्हटलं, "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. तू? तू दुसऱ्याचा नंबर दिलास?" ती म्हणाली, "आईला वाचता येत नाही, पण माझा फोन वाजला की भाचीकडून मेसेज वाचून घेते. दर पंधरा दिवसांनी 'सलाईनला या' असं वाचून दाखवायचं का पोरीनं तिला?" तेव्हापासून तिचे मेसेज माझ्याकडे यायला लागले. कॉरिडॉरमधून जाताना मी नुसतं म्हणायची, "गुरुवार, दहा." ती मान हलवायची आणि घरी सांगायची की ऑडिट आहे. केस गळायला लागले तेव्हा थायरॉइड. वजन उतरलं तेव्हा डाएट. कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. मी रोज भीतीत जगत होते. तिच्या घरून फोन आला की मी तो नुसता वाजू द्यायची, कारण खोटं बोलायला मला येत नाही आणि तिची आई सरळ प्रश्न विचारणारी. एकदा न राहवून मी तिला म्हटलं, "गायकरबाईच्या सासूनं हेच केलं होतं ना गं? घाबरेल म्हणून सांगितलं नाही."  "त्या सुनेला जगायचं होतं," ती म्हणाली. "आईला माहीत होऊन काय वाचणार आहे?"   तिचं ते म्हणणं मला पटलं नव्हतं, पण मी तसं पुन्हा बोलले नाही.

परवा मी बदलापूर गावात गेले. आता घरात पाहुणे नव्हते. भाची शाळेत, भाऊ-वहिनी कामाला. आईनं चहा केला, समोर बसली आणि म्हणाली, "तुला ठाव होता ना गो?" मी म्हटलं, "हो, आई." वाटलं, आता ती मला उठून जायला सांगेल. तिनं माझ्या पर्सकडे बोट दाखवलं. "त्या हास्पिटलचं मेसेज तुज्याकं येत होतं म्हनं. हायेत का आजून?" भावाला ते शेवटच्या आठवड्यात कळलं होतं. मी फोन काढला. "वाच," ती म्हणाली.

मी एकेक वाचत गेले. तारीख, वेळ, खोली. आणि प्रत्येक तारखेला ती माउली आठवून सांगत होती, त्या दिवशी घरात काय झालं होतं ते. "तवा गटारी होती. मटन केलता, तिनं तोंडाला लावला नाय. मी बोलली, शानी झाली आता शाकारी." पुढचा. "ह्या दिवशी पोरीला सायकल आनली." पुढचा. "हां, ह्या दिवशी माज्याशी भांडली. का भांडली ते मना तवा कलला नाय." ती रडत नव्हती. जे दिवस तिच्यापासून लपवले होते ते ती एकेक करून परत घेत होती. शेवटच्या मेसेजशी मी थांबले. "काय झाला?" "काही नाही आई, हा नंतरचा आहे." "नंतरचा मंजे?" मी सांगितलं. तो आदल्याच दिवशी आला होता. तारीख दुसऱ्या दिवशीची होती. उज्ज्वला गेल्याचं त्या हॉस्पिटलला कुणी कळवलंच नव्हतं.

तिनं चहाचे कप बाजूला सारले. मग म्हणाली, "फोन लाव त्यानला. सांग, उज्ज्वला येत नाय. तिचा टाइम दुसऱ्या कुनाला द्या. कुनीतरी खोलंबला असंल."

मी फोन लावला, स्पीकर चालू केला. पलीकडून एका मुलीनं पेशंटचं नाव विचारलं. मी सांगितलं. "हा पेशंटचा स्वतःचा नंबर आहे का?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "मैत्रिणीचा आहे."