राहुकाळातला फ्रीज

आमच्या घरातला फ्रीज पहिले अकरा महिने बंद होता, आणि त्या काळात त्याच्याबद्दल आमची एकही तक्रार नव्हती.

एकोणीसशे सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. मी सोलापुरातल्या एका शाळेत संस्कृत शिकवीत असे. तीस वर्षांच्या संसारात आमच्या सौभाग्यवतींनी, म्हणजे उमाबाईंनी, माझ्याकडे एकच वस्तू मागितली. "अहो, सकाळचं ताक संध्याकाळपर्यंत आंबू नये, एवढंच माझं मागणं आहे." सोलापूरच्या उन्हाळ्यात हे मागणे वरदानाहून कमी नव्हते! मी अक्षय तृतीयेच्या मंगल दिनी बाजारात गेलो आणि चनबसप्पांच्या दुकानातून फ्रीज घरी आणला. सोबत एक इंग्रजी कार्ड होते: गॅरंटी एक वर्ष. ते मी भक्तिभावाने देव्हाऱ्यात ठेवले.

आता यंत्र कोठे ठेवावे? जलाचे स्थान ईशान्य, अग्नीचे आग्नेय. परंतु हे यंत्र पुढून हिमालय आणि पाठीमागून भट्टी! ज्या वस्तूत दोन्ही महाभूते पाठीला पाठ लावून नांदतात, तिला कोणती दिशा द्यावी? मी पोथ्या उलगडल्या. पूर्वसूरींनी फ्रीजचा विचार केलेला दिसला नाही. अखेर दोन्ही कोपऱ्यांच्या बरोबर मध्ये, पूर्वेच्या भिंतीशी, त्याची स्थापना करण्याचा निर्णय झाला. तोवर आषाढी एकादशी येऊन देव झोपी गेले होते.

"देव झोपले म्हणून दूध नासायचं थांबत नाही हो!" उमाबाई म्हणाल्या.

"चातुर्मासात नवा आरंभ करू नये. चार महिन्यांचाच प्रश्न आहे."

(त्या वर्षी अधिक श्रावण असल्यामुळे ते चार महिने पाच झाले. ही गोष्ट मी त्यांना टप्प्याटप्प्याने सांगितली.)

दसऱ्याचा मुहूर्त आम्ही अपवाद म्हणून धरला होता. नेमके बार्शीचे चुलते वारले आणि सुतक आले. दिवाळीच्या पाडव्याला मुहूर्त होता, पण वीज नव्हती! पुढे पौष आडवा आला. फाल्गुनात मी म्हटले, "आता थोड्या दिवसांसाठी गुढीपाडवा कशाला सोडायचा?" तोवर उमाबाई फ्रीजवर पापडाचे डबे ठेवू लागल्या होत्या. यंत्राला धूळ लागू नये म्हणून मी त्याला एक नवीकोरी सोलापुरी चादर आदरपूर्वक पांघरली होती.

अखेर गुढीपाडव्याच्या सूर्योदयी, मंत्रघोषात, मी बटण दाबले. यंत्र ओंकारासारखे घुमू लागले! संध्याकाळी दार उघडले तो आतून शुभ्र थंड वाफ बाहेर आली आणि माझे हात आपोआप जोडले गेले. बाहेर चैत्र आग ओकत होता; आत पाणी दगड झाले होते! मी त्यातला पहिला खडा देव्हाऱ्यातल्या महादेवाच्या मस्तकी ठेवला. तो थेंबाथेंबाने पाझरू लागला तसे माझे डोळेही पाझरले. उमाबाईंनी रात्रीच्या जेवणात मला ताक वाढले. गोड ताक! तीस वर्षांत त्यांचा चेहरा इतका प्रसन्न मी पाहिला नव्हता.

ही प्रसन्नता एकोणीस दिवस टिकली. संकष्टीच्या सकाळी ओंकार थांबला.

उमाबाईंनी दार उघडले, आत हात घालून पाहिला आणि फ्रीजकडे न पाहता माझ्याकडे पाहिले. "जा," एवढेच म्हणाल्या. "दुरुस्त झाल्याशिवाय हे कपाट मला घरात नको."

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी, मी देव्हाऱ्यातले कार्ड घेऊन दुकानात गेलो. चनबसप्पांनी त्यावरचे कुंकू फुंकून तारीख वाचली.

"गुरुजी, वरीस संपलं की हो! सात दिस झाले."

"पण तो चाललाच एकोणीस दिवस!"

"आणि बाकीचे अकरा महिने काय करत हुता?"

"मुहूर्ताची वाट पाहत होता."

चनबसप्पांनी कपाळावरचे भस्म चाचपले. "आता कंपनीला मी काय लिवू? गिऱ्हाइकानं मशीन पांघरूण घालून निजवलं हुतं म्हणून?"

त्या काळी ग्राहकाने दाद मागावी असे न्यायालय आम्हांला ठाऊक नव्हते. माझ्यापाशी शस्त्र एकच, पंचांग. ते मी काखेतून काढले.

"चनबसप्पा, कार्डावर वर्ष म्हटले आहे. कोणते वर्ष? सौर की चांद्र?"

"फ्रीजचं वरीस, गुरुजी!"

"तुमच्या दुकानाची वार्षिक पूजा कधी असते?"

"अक्षय तृतीयेला. आजोबांपास्नं हाय की."

"तारीख पाहून करता?"

"छे! तिथीनं."

"मग यंदा अधिक मास होऊन गेला. अक्षय तृतीया अजून यायची आहे. तुमच्या दुकानाचे वर्ष अद्याप भरले नाही, तर त्याच दुकानातून अक्षय तृतीयेला निघालेल्या फ्रीजचे आधीच कसे भरेल?"

एक गिऱ्हाईक हातातली इस्त्री खाली ठेवून ऐकू लागले. चनबसप्पांनी पंचांगावर बोट फिरवले, मग भिंतीवरच्या ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या तसबिरीकडे पाहिले आणि हळूच म्हणाले, "शिवा शिवा! गुरुजी, मुंबईच्या कंपनीला अधिक महिना ठावं न्हाय. पण मला हाय की! मिस्त्री धाडतो. पार्ट लागला तर माझ्याकडनं."

कायद्याने ज्याच्यावर काडीचेही बंधन नव्हते, तो मनुष्य एका तिथीपुढे नम्र झाला! मी भारावलो. त्याहून थोडा अधिक, स्वतःच्या युक्तिवादाने भारावलो. वाटेत भेटलेल्या प्रत्येकाला तो ऐकवीत घरी पोचायला मला दीड तास लागला.

दुपारी दोन वाजता उस्मानभाई मिस्त्री आले. त्यांनी फ्रीज भिंतीपासून ओढला, पाठीमागे टॉर्च मारला आणि खाली बसून हसू लागले.

मोटारीशेजारी एक सुबक घरटे होते. सोलापुरी चादरीच्या लाल-निळ्या धाग्यांचे! आत उंदरीण, तिची पाच पिले, आणि बाजूला कुरतडलेली वायर.

"गुरुजी," उस्मानभाई डोळे पुसत म्हणाले, "चूहे ने मुहूरत पूछाच नई!"

गॅरंटीत उंदीर बसत नाही, हे मलाही कबूल करावे लागले. (शिवाय संकष्टीला उपद्रव करणाऱ्या साक्षात गणेशाच्या वाहनाविरुद्ध तक्रार कोणाकडे करावी?) उस्मानभाईंनी पिलांना घरट्यासकट अलगद सुपात घेऊन परसातल्या सरपणाच्या आडोशाला ठेवले, आई मागोमाग पळाली, आणि दहा मिनिटांत नवी वायर बसली.

"चालू करो, भाभी."

मी पंचांगाकडे हात नेला. "थांबा, एक क्षण..."

"पंचांग खाली ठेवा!" उमाबाई म्हणाल्या. तो स्वर मी पूर्वी कधी ऐकला नव्हता. मी पंचांग ठेवले. त्यांनी पदर खोचला आणि, ना मंत्र ना अक्षता, खट्‌कन बटण दाबले.

यंत्र घुमू लागले. मी घड्याळाकडे पाहिले. अडीच वाजले होते. गुरुवारी दुपारी दीड ते तीन राहुकाळ असतो.

माझ्या मुहूर्तावर सुरू झालेला फ्रीज एकोणीस दिवस चालला. उमाबाईंच्या राहुकाळातला बावीस वर्षे चालला, आणि बावीस वर्षे आमचे ताक गोड राहिले. त्या क्षणी राहुकाळ होता, हे मी त्यांना अद्याप सांगितलेले नाही. सांगणार आहे, चांगला मुहूर्त पाहतो आहे.