कासार आंबोलीतलं फक्कीचं घर

फोन आला तेव्हा सरांना जाऊन तीन महिने झाले होते. पलीकडचा माणूस म्हणाला, "आंबोलीचं घर पाडतोय. साहेबांना शेवटचं बघायचं असलं तर पाठवा." सर गेल्याचं मी सांगितलं. तो म्हणाला, "मग तुमी तरी या."

सर आर्किटेक्ट होते, मी त्यांची स्ट्रक्चरल इंजिनिअर. त्यांची छापून आलेली कामं शहरातली आहेत, एक सभागृह आणि एक वाचनालय. मुळशीतली तीन घरं अगदी सुरुवातीची. मी ती कधीच पाहिली नव्हती. जानेवारीतल्या एका शनिवारी स्कूटर काढली.

आधी महाळुंगे. जुन्या पत्त्यावर आता टॉवरचं गेट आहे. गार्डने विचारलं, "मॅडम, फ्लॅट देखना है क्या?" मी नाही म्हटलं आणि निघाले.

नांद्यातलं घर मात्र उभं आहे. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या मुली तिथे भाड्याने राहतात. अंगणात कपडे वाळत घालणारी एक म्हणाली, "इथे उन्हाळ्यात फॅन लागत नाही. म्हणून मालक भाडं जास्त घेतात." सरांना हे ऐकून हसू आलं असतं.

नांदे–लवळे रस्त्यावर डंपर फार, तोंडाला रुमाल बांधूनच जा. पिरंगुटला मिसळ आणि ताक दीडशेच्या आत होतं. पौड रस्त्याला लागलं की गर्दी कमी होते आणि कडेला हरभरा दिसू लागतो.

कासार आंबोलीतलं घर दगडी भिंतींचं, कौलारू. फोन करणारे महेशदादा दारातच होते. मागे त्यांची आई सुलभाकाकू आणि बायको अश्विनी. दादांनी मोबाइलवर ठेकेदाराचा नकाशा दाखवला. घराच्या जागी तीन मजले, भाड्याच्या बारा खोल्या.

"ह्याच घरावर मजला चढंल का?"

"पाया उघडून पाहिल्याशिवाय सांगणार नाही."

"अंदाजानं?"

"अंदाज मी देत नाही."

"साहेब असते तर बोलले असते."

"सर असते तर त्यांनी मलाच विचारलं असतं."

काकू हसल्या. "लई ताठ हाय ही. बस, च्या घे."

चहा पिताना त्या घराची गोष्ट सांगू लागल्या. सरांनी कागदावर काही काढायच्या आधी जमिनीवर फक्कीने अख्खं घर आखलं, खऱ्या मापाचं. कबड्डीच्या मैदानावर रेषा मारतात ना, ती पांढरी फक्की. मग घरच्यांना म्हणाले, आजचा दिवस यातच राहा. काकूंनी तीन दगड मांडून भाकरी थापल्या. सासरे रेषांच्या आत पथारी टाकून म्हणाले, "कुत्रं भिताडातनं येतंय, साहेब."

"आन् मी नवी सून," काकू म्हणाल्या. "सासूबाईंनी चूल मागं घ्यायला लावली व्हती. साहेबांनी मलाच इचारलं, हितं बसून तुला काय दिसतं? म्हटलं, काय बी न्हाई. त्यांनी चपलेनं रेघ पुसली आन् तितं खिडकी ठेवली. तवापासनं मला रस्ता दिसतोय."

सरांबरोबर चार वर्षं काम केलं, पण हे मला माहीत नव्हतं. मी आले तेव्हा आमच्याकडे सगळं स्क्रीनवरच होत असे.

मी विचारलं, "फक्की मिळेल का?"

महेशदादा गावच्या कबड्डी संघात आहेत. गोणी घरातच होती. मागच्या अंगणात रिकाम्या गोठ्याची जागा आहे, तिथे ठेकेदाराच्या नकाशातली एक खोली आखली. दादांनी खाट आणून आत ठेवली. काकू रेषेवर उभ्या राहिल्या.

"सैपाक कुटं करायचा?"

"गॅस बाहेर ठेवतील."

"पावसात?"

दादा खाटेवर बसले. गुडघे रेषेच्या बाहेर आले. "आई, ही खोली न्हाई, खुराडं हाय."

मग नीट मापाच्या खोल्या आखल्या, दारांसकट. गोठा काढला तर मागच्या जागेत चार बसत होत्या आणि घराला हात लावायची गरज नव्हती. पण बाराच्या जागी चारच. भाडं एक तृतीयांश होणार, हे मी स्पष्ट सांगितलं.

"बघतो," दादा म्हणाले. "शब्द देत न्हाई."

परतताना चांदणी चौकात तासभर अडकले. संध्याकाळी जाणार असाल तर हे धरून चला.

सरांच्या जुन्या कामांची फाइल माझ्याकडे आहे; घरी आल्यावर ती उघडली नाही. तीन घरांपैकी एक गेलं, एक भाड्याने दिलेलं, एक अधांतरी. आयुष्यभराच्या कामाची मोजदाद म्हणून हे फार नाही. पण काकू अजून त्यांच्या खिडकीत बसतात, हे कुठल्याच फाइलमध्ये नव्हतं.

मंगळवारी महेशदादांचा फोन आला. "ठेकेदाराला थांबवलंय. पाया उघडायला रविवारी या. मागं चार खोल्या, जमलं तर घरावर दोन." मग म्हणाले, "थांबा, हिला बोलायचंय."

त्या दिवशी दुपारभर एक शब्द न बोललेली अश्विनी फोनवर आली. "ताई, पाणी भरायला मीच जाते. दुसऱ्या खोलीचं दार माझ्या वाटेवरच येतंय. ते सरकवा."

"किती?" मी विचारलं.

"तुमी या. मी उभी राहून दावते."