धुराला वाट

माझा नवरा आंघोळीला गेला. हाका मारल्या, ओ आली नाही. शेजाऱ्यांनी दार तोडलं. हॉस्पिटलात डॉक्टरांनी मान हलवली.

न्हाणीघरात गॅसचा गीझर होता. ज्योत जळायला हवा लागते. हवा कमी पडली की तीच ज्योत एक विषारी वायू सोडते, ज्याला वास नसतो आणि रंगही नसतो. हे डॉक्टरांनी सांगितलं आणि नंतर मी वाचलं. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. दुःखात काही जण रडतात, काही देवाला जातात. मला वाचण्यापलीकडे काही सुचत नाही.

न्हाणीघराला खिडकी होती, काचेच्या पट्ट्यांची, इमारतीच्या मधल्या उभ्या पोकळीत, डक्टमध्ये उघडणारी. त्या पट्ट्यांवर कबुतरं घरटी करायची. कोपरखैरण्यातल्या आमच्या इमारतीत यावर सगळ्यांनी एकच उपाय केला होता. पट्ट्या काढायच्या, तिथे ॲक्रिलिकचा पत्रा बसवायचा आणि कडेने सिलिकॉन भरायचं. कबुतर येत नाही. हवाही येत नाही.

सासूबाई, मी त्यांना आई म्हणते, त्या न्हाणीघरात पाऊल टाकेनात. शेजारच्या काकूंकडे आंघोळीला जायच्या, नाहीतर पातेल्यात पाणी तापवून मोरीत अंगावर घ्यायच्या. एक दिवस त्यांनी चार लुगडी कापडी पिशवीत भरली आणि पिशवी दाराशी ठेवली. उलव्याला भावाकडे जायचं म्हणाल्या, कायमचं. मी कारण विचारलं.

"कबुतरांचा तरास मनाच व्हायचा," त्या म्हणाल्या. "खिडकी लावाला मीच सांगितली त्याला."

त्या खाडीकाठच्या गावातल्या, मी साताऱ्याकडची. लग्न झालं तेव्हा त्यांची अर्धी बोली मला कळत नव्हती आणि माझं पुस्तकी बोलणं ऐकून त्या तोंडावर पदर धरून हसायच्या. मूल आम्हाला झालं नाही. आता त्या घरात माझ्याशी बोलणारं त्यांच्याशिवाय कोणी नव्हतं. त्या उलव्याला गेल्या असत्या तर मी पुस्तकांसोबत एकटी उरले असते, आणि तेवढ्यावर माणूस जगत नाही हे मला तोवर कळलं होतं. मी त्यांना दिवाळीपर्यंत थांबा म्हणाले. आदलं वर्ष दुखवट्याचं, सण केला नव्हता. या वर्षी पहिली आंघोळ आपल्या घरात करायची, आणि त्यानंतर तुम्हाला जायचं तर मी स्वतः पोचवीन. त्यांनी हो म्हटलं नाही, पण पिशवीही उचलली नाही.

सगळे म्हणत होते, विजेचा गीझर घे. वायरमनने सांगितलं, घरातली वायरिंग जुनी आहे, हा भार सोसायचा नाही, सगळ्या भिंती फोडाव्या लागतील. शिवाय मला वाटायचं, यंत्र नुसतं हाकलून दिलं तर ते नीट बसवता येतं हे आईंना कधी दिसणार नाही, आणि त्या आयुष्यभर त्या खिडकीलाच घाबरतील. मला गीझर हवा होता, पण जिथे असायला हवा तिथे. म्हणजे न्हाणीघराबाहेर, स्वयंपाकघरामागच्या ड्राय बाल्कनीत. गरम पाणी नळीने आत येणार आणि धूर पाइपाने थेट इमारतीबाहेर जाणार.

नवा गीझर बसवायला आलेला माणूस भला होता. त्याने आधी न्हाणीघरातला जुना नळ दाखवला. लाइन तयार आहे, इथेच टांगू, अर्ध्या तासाचं काम, असं त्याचं म्हणणं. सगळ्यांकडे आतच असतो, टेन्शन नका घेऊ. मी म्हटलं, बाहेर. त्याने नळी लांबेल म्हणून सांगितलं. मी म्हटलं, लांबू दे. शेवटी तो हसला आणि म्हणाला, "मॅडम, तुमी शाळेत शिकवता का?" मी नाही म्हटलं. "मंग शिकवा," तो म्हणाला आणि टेप काढून बाल्कनी मोजायला लागला.

अडचण भिंतीची होती. आमच्या बाल्कनीलाही सगळ्यांसारख्या सरकत्या काचा होत्या. दोन काचा काढून जाळी लावणं माझ्या हातात होतं, पण धुराच्या पाइपासाठी बाहेरच्या भिंतीला भोक पाडायचं तर सोसायटीची परवानगी हवी. सेक्रेटरींनी नाही सांगितलं. नुकताच रंग दिलाय, आज तुम्ही भोक पाडाल, उद्या सगळे पाडतील. वहिनी, झालं ते फार वाईट झालं, पण नियम तो नियम.

मी मीटिंगला गेले. एरवी मी मीटिंगला जाऊन शेवटच्या खुर्चीत पुस्तक वाचते आणि चहा आला की निघते. त्या दिवशी उभी राहिले.  सेक्रेटरींनी पुन्हा भिंतीच्या रंगाचा विषय काढला.

"सगळ्यांनी पाडावं," मी म्हटलं. "त्यासाठीच मी उभी आहे. आमच्या घराला भोक नव्हतं. तुमच्यापैकी किती जणांच्या घराला आहे?"

 मग वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी घसा साफ केला आणि विचारलं, आमच्याकडे पण पत्रा लावलाय, तो आधी काढायचा की गीझर आधी हलवायचा? पाठोपाठ बायका बोलायला लागल्या. कबुतरांचं काय, जाळी कुठे मिळते, पाइप सरळ घ्यायचा की चढता. मी उत्तरं देत राहिले. माझा आवाज भरल्या खोलीत एवढा वेळ ऐकण्याची मला सवय नव्हती. परवानगी मिळाली. पुढच्या रविवारी आमचा पत्रा पहिला निघाला, आणि डक्टमध्ये पत्रे उचकटण्याचा आवाज दिवसभर घुमत होता. सेक्रेटरींनी स्वतःचा पत्रा सगळ्यांच्या नंतर काढला, आणि जाळीची चौकशी करायला आमच्याच दारात आले.

गीझर बसला. फिटरने सांध्यांवर साबणाचा फेस लावून एकही बुडबुडा येत नाही हे दाखवलं. पाइप बाहेर निघाला तिथे, वाऱ्याने धूर उलटा येऊ नये म्हणून टोपी बसवली. मी ज्योत बघितली, निळी आणि स्थिर. हे सगळं मला समजलं, पण आईंना साबणाच्या फेसाशी काय देणंघेणं? त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभ्या होत्या.

मग त्यांनी एक गोष्ट केली जी मला कुठल्याही पुस्तकात सापडली नव्हती. मुलाच्या फोटोपुढची पेटती उदबत्ती त्यांनी उचलली आणि न्हाणीघराच्या दारात हात लांब करून धरली. धूर क्षणभर सरळ वर गेला. मग वाकला, खिडकीच्या नव्या जाळीकडे सरकला आणि बाहेर गेला. त्या तशाच बाल्कनीत आल्या, पाइपाकडे वर बघितलं.

"म्हंजे ही बी चूलच हाय," त्या म्हणाल्या. "गावच्या चुलीला धुराडं होता. कोंडलेल्या खोलीत चूल कोन पेटवतं गो?"

मी म्हटलं, आई, सगळी इमारत पेटवत होती. तुम्ही एकट्या नव्हता.

नरक चतुर्दशीला मी त्यांच्या पाठीला तेल लावलं. बोटांखाली मणके लागत होते. त्या आत गेल्या. कडी लावायची नाही हे ठरलं होतं, आणि मी बाहेर पाटावर बसून बोलत राहायचं हेही. मला विषय सुचेना, म्हणून मी कारल्याच्या भाजीबद्दल विचारलं. पाण्याच्या आवाजातून त्या मला मीठ कधी घालायचं ते सांगत होत्या. मध्येच थांबल्या. मी दाराकडे हात नेला.

"पानी कडक हाय," आतून आवाज आला. "जरा कमी कर."

मी उठून कमी केलं. त्या बाहेर आल्या तेव्हा गाल तांबूस झाले होते. तुळशीपुढे कारीट ठेवलं होतं. त्यांनी ते डाव्या पायाच्या अंगठ्याने असं फोडलं की बिया भिंतीपर्यंत उडाल्या. मग केस पुसत दाराशी गेल्या, पिशवी उचलली आणि लुगडी एकेक करून कपाटात ठेवली. मला म्हणाल्या, आता तू जा, बादलीतलं पानी निवतंय.

न्हाणीघराच्या खिडकीला आता जाळी आहे. कबुतरं बाहेर बसतात. गीझर बाल्कनीत आहे. आई इथेच राहतात.